जमीन घुमवणाऱ्या जावा

थोरलीचा उजवा खांदा दुखायला लागला आणि त्यापायी घरात अबोला शिरला. खांद्याचा आणि अबोल्याचा काय संबंध, हे कळायला आधी गांडुळांबद्दल थोडं ऐकून घ्यावं लागेल. ऐकताना नाक मुरडायचं नाही. ज्याला मुरडायचंच असेल, त्याने मासे आपल्या मर्जीने गळाला लागतात असं समजावं आणि खुशाल दुसरं काहीतरी वाचायला घ्यावं.

थोरली आणि धाकटी या जावा. खरी नावं दोघींनाही होती, पण ती सरकारी कागदांपुरती उरली होती. गल्लीत शेंबड्या पोराला विचारलं तरी तो ‘थोरलीचं घर’ म्हणूनच दाखवायचा. थोरलीचा नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेला. धाकटीचा नवरा शहरातली बस चालवतो. घर एकच. खाली थोरली, वर धाकटी आणि तिचा नवरा, आणि मध्ये एक लाकडी जिना, जो मांजर चढली तरी करकरतो. त्यामुळे या घरात कुणाचंही येणं-जाणं कुणापासून लपत नाही.

दोघींचा धंदा गांडुळं पकडण्याचा. तळ्यावर गळ टाकून बसणारी हौशी मंडळी या गावात उदंड, आणि त्यांना रोज ताजं आमिष लागतं. चौकात एकाचं दुकान आहे. गळ, दोरी, काठ्या, तरंगणारी बुचं, सगळं तिथे मिळतं. त्याला सगळे गळवाला म्हणतात. या दोघींची बादली त्याच्याकडे जायची आणि तो ती छोट्या छोट्या डब्यांत भरून विकायचा.

आता गांडुळं म्हटलं की लोकांना कुदळ आठवते. कुदळीने खणणारा माणूस या दोघींच्या लेखी अडाणी. खणलं की निम्मी गांडुळं तुटतात आणि जमिनीची चाळण होते ती वेगळीच. यांची रीत निराळी, सासूने शिकवलेली. उजाडता उजाडता फुटबॉलच्या मैदानावर जायचं. ओलसर जागा बघून लाकडी खुंटा जमिनीत ठोकायचा, वीतभर वर राहील असा. मग गुडघ्यांवर बसायचं आणि बसच्या चाकांवरच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्याची लोखंडी पट्टी दोन्ही हातांनी धरून खुंट्याच्या डोक्यावर घासायची. जोर लावून, लांब लांब. घुर्रर्र, घुर्रर्र असा आवाज येतो. एखादा जाडा माणूस पोटभर जेवून घोरत पडलाय असं लांबून वाटतं. पण खरी गंमत आवाजात नाही, थरथरीत आहे. ती जमिनीतून पसरत जाते, अनवाणी पायांना कळते, आणि गांडुळांना तर फारच कळते. खाली कुणीतरी आपल्याला खायला उकरत येतंय असं त्यांना वाटत असावं, असं सासू म्हणायची. गांडुळं घाबरून वर येतात, गवतभर लोळायला लागतात. याला या घरात ‘जमीन घुमवणं’ म्हणतात.

घुमवणं हे एक काम आणि वेचणं हे दुसरं, आणि एकटीला दोन्ही जमत नाहीत. घासणं थांबलं की गांडुळं आल्या वाटेने परत जातात. आणि वेचायलाही अंगात सबुरी लागते. गांडूळ अर्धं वर असतं आणि अर्धं बिळात. ते बिळातलं अर्धं जमिनीला असं घट्ट धरून ठेवतं की बघत राहावं. ओढलं की तुटतं, आणि तुटलेलं गळवाला घेत नाही. म्हणून चिमटीत हलकं धरायचं आणि नुसतं थांबायचं. दमलं की ते सैल पडतं, मग अलगद उचलायचं. आणि एक नियम: जमीन घुमत असताना मैदानावर कुणी चालायचं नाही. पावलांनी थरथर बिघडते.

मैदानाची निगा राखणारा मैदानवाला या दोघींवर खूश असायचा. गांडुळं रात्री मातीच्या गोळ्या वर आणून ठेवतात आणि त्यावरून खेळाडू घसरतात, असा त्याचा त्रागा होता. "न्या, सगळी न्या," तो म्हणायचा. "दोन-चार ठेवू," असं थोरली त्याला ऐकवायची, "नाहीतर तुझं गवत उपाशी मरेल."

पहिल्यापासून पट्टी थोरलीकडे आणि बादली धाकटीकडे. त्याआधी पट्टी सासूकडे होती. म्हातारीचे हात कापायला लागले तेव्हा थोरलीनेच ती तिच्या हातातून घेतली. "आता तुम्ही बसा, आई. खूप केलंत," असं अगदी प्रेमाने म्हणाली, आणि दारात खुर्ची टाकून दिली. म्हातारी बसली. रोज सकाळी या दोघी परत आल्या की बादलीत डोकावायची आणि विचारायची, "जमीन ओली होती का?" पुढे पुढे डोकावायची थांबली, नुसतं विचारायची. मग तेही थांबलं. आपण सासूला सुख दिलं, असं थोरलीला आजवर वाटत आलं होतं. धाकटीला काय वाटत होतं, ते कुणी विचारलं नव्हतं.

तर, खांदा. एका सकाळी थोरलीचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. वेणीसुद्धा डाव्या हाताने कशीबशी घातली. मैदानावर गेल्यावर ती म्हणाली, "आजच्या दिवस तू घास, मी वेचते." धाकटीने पट्टी घेतली आणि अशी काही घुमवली की मैदानावरचे कावळे उडाले. थोरलीने वेचलं. बादली काठोकाठ भरली.

दुकानात गळवाल्याने झाकण काढलं आणि त्याचे डोळे विस्फारले.

"अरे वा! एक तुटलेलं नाही, एक काडी नाही, आणि बादली बघा किती भरलीय! आज पट्टी कुणाच्या हातात होती?"

"माझ्या," धाकटी म्हणाली. तिच्या गालावर चक्क लाली आली.

"मग रोज तुमच्याच हातात राहू द्या की!"

गळवाला बोलून मोकळा झाला. दुकानदारांना असं बोलून मोकळं व्हायची सवयच असते, भोगावं लागतं ते घरच्यांना. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.  कोपऱ्यावर पोचताच तिचा बांध फुटला.

"एक दिवस पट्टी धरली तर एवढी मिरवायला लागलीस!"

"मी काही म्हटलं का, जाऊबाई? पण खरं सांगू, राहू द्या ना माझ्याकडे. तुमचा खांदाही..."

"माझ्या खांद्याची काळजी करायला मी आहे!"

"इतकी वर्षं मी वाकून वाकून कंबर मोडून घेतली. कधी तरी मीही घासलं तर काय बिघडलं?"

"वाकून काय दिवे लावलेस गं? बादलीत निम्म्या काड्या असतात! गळवाला विचारतो मला, गळाला काडी लावून मासा येतो का म्हणून!"

हे खरं होतं. गेले काही महिने धाकटीच्या बादलीत वाळक्या काड्या, मुळ्यांचे तुकडे, एकदा तर बुटाची नाडीसुद्धा निघाली होती. थोरलीला वाटायचं, हिचं कामात लक्ष उरलं नाही. एरवी धाकटीने एकाला दोन ऐकवले असते. पण काड्यांचं नाव निघाल्याबरोबर तिचं तोंड असं मिटलं की ते पुढे थोरलीसमोर उघडलंच नाही. ती जिना चढून वर गेली. जिना नेहमीपेक्षा मोठ्याने करकरला.

दुसऱ्या दिवसापासून अबोला. आणि या अबोल्यात कात्रीत सापडला तो बसवाला.

बसवाला म्हणजे धाकटीचा नवरा, एक गरीब, पोटाने सुटलेला, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला माणूस. भर गर्दीच्या रस्त्यातून तो बस लोण्यातून सुरी काढावी तशी काढायचा, पण घरातल्या या दोन बायकांमधून त्याला वाट सापडेना. तो जिन्याच्या मधल्या पायरीवर बसायचा आणि निरोप खालीवर करायचा.

"भाऊजी, तिला सांगा, नळाला पाणी आलंय."

"अगं, वहिनी म्हणताहेत..."

"त्यांना सांगा, मला कान आहेत."

"वहिनी, ती म्हणतेय..."

"मलाही आहेत!"

"मग मी इथे कशाला बसलोय?" तो विचारायचा. 

धाकटीने त्याच्या मागे लागून डेपोच्या भंगारातून दुसरी पट्टी आणवली. तो ती वर्तमानपत्रात गुंडाळून, चोरासारखा दबकत घरात आला, आणि जिना बोंबलला. थोरलीने दारातून बघितलं आणि दार लावून घेतलं. मग न ठरवताच वाटणी झाली: एक दिवस थोरली मैदानावर, दुसऱ्या दिवशी धाकटी. थोरली एकटी घासायची, पट्टी टाकून उठायची, गुडघे सावरत धावायची, आणि पोचेपर्यंत गांडुळं शेपटी दाखवून पसार. धाकटीने वेचायला नवऱ्याला नेलं. त्याने एक गांडूळ उचललं, ते मनगटाशी वळवळलं, आणि रोज शेकडो माणसं वाहून नेणारा तो गडी किंचाळत गोलपोस्टापर्यंत पळाला. मैदानवाला ही गोष्ट अजूनही हातवारे करून सांगतो.

गळवाल्याच्या डब्यांत गांडुळं कमी आणि खाली अंथरलेला चहाचा चोथाच जास्त दिसायला लागला. आपल्या एका वाक्याने एवढं घडलं हे त्याला कळलं, पण फार उशिरा.

याच दिवसांत थोरलीच्या मुलीचा फोन आला. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला, सातव्या मजल्यावर राहते. मनाने चांगली पोर, आईसाठी जीव टाकणारी. खांद्याचं ऐकून ती कळवळली.

"आई, आता तू बस. खूप केलंस. इथे ये माझ्याकडे. लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, तुला काडी उचलावी लागणार नाही."

एरवी थोरलीने हे हसून उडवलं असतं. ती एकदाच तिकडे जाऊन आली होती. त्या घरात माती म्हणून होती ती गॅलरीतल्या चार कुंड्यांत. थोरलीने त्या चमच्याने उकरून पाहिल्या होत्या, त्यांत गांडूळ नव्हतं. पण त्या दिवशी वरून धाकटीच्या पट्टीचा आवाज येत होता, ती गंज खरवडत बसली होती, आणि तो आवाज थोरलीच्या डोक्यात गेला.

"ये," ती म्हणाली. "येत्या रविवारी ये आणि घेऊन जा मला. इथे माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही."

हे शेवटचं वाक्य तिने जिन्याकडे तोंड करून म्हटलं. वरची खरवड थांबली. बराच वेळ थांबली. थोरली कान देऊन बसली होती, की आता जिना करकरेल. तो करकरला नाही. मग खरवड पुन्हा सुरू झाली, आणि थोरलीला रडू आलं. तिला जायचं नव्हतं, मुळीच नव्हतं. पण बोललेलं परत कसं घ्यायचं हे तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

ती बॅग भरायला लागली. रोज थोडी भरायची आणि रात्री थोडी उपसायची. कपडे झाले, औषधं झाली. मग पट्टी. सासूची जुनी पट्टी, मधोमध घासून बाक आलेली. ती बॅगेत तिरकी घातली तरी टोक बाहेर राहायचं. सातव्या मजल्यावर ती काय कामाची, हे तिला कळत होतं. तरी ती काढून ठेवायला हात धजेना.

शनिवारी संध्याकाळी गळवाला घाम पुसत आला. दुसऱ्या दिवशी तळ्यावर मासेमारीची मोठी स्पर्धा होती, बाहेरगावची माणसं येणार होती, आणि दुकानात आमिषाच्या नावाने शंख होता. त्यात ऊन असं पडलेलं की जमीन कडक झालेली आणि गांडुळं खोल गेलेली.

"माझं चुकलं, मावशी," तो हात जोडून म्हणाला. "मी बोललो ते मनातून काढून टाका. उद्याच्या दिवस मला वाचवा. मैदानवाल्याला सांगून पाणी सोडायला लावलंय."

"मी उद्या चाललेय," थोरली म्हणाली. मग बॅगेतून बाहेर डोकावणाऱ्या पट्टीकडे बघून म्हणाली, "मुलगी यायला वेळ आहे. बघते."

तो जिना चढून वर गेला. वरूनही थोड्या वेळाने ‘बघते’ ऐकू आलं.

रविवारी उजाडताना थोरलीने बॅग दाराशी ठेवली, पट्टी तिच्यातून काढली आणि मैदानावर गेली. शेवटचं एकदा, असं मनाशी म्हणत. गवत ओलं होतं. तिने नेहमीच्या गोलपोस्टाजवळ खुंटा ठोकला, मान वर केली, आणि पलीकडच्या गोलपोस्टाजवळ धाकटी खुंटा ठोकत होती. बाजूच्या बाकावर बसवाला पाय वर घेऊन बसला होता. न जाणो, एखादं गांडूळ पायावर चढलं तर!

थोरलीने मान फिरवली आणि घासायला सुरुवात केली. तिकडून धाकटीनेही केली. ही जोरात, तर ती अजून जोरात. इकडून घुर्र, तिकडून घुर्र, ताळमेळ काही नाही. जमीन नुसती कण्हल्यासारखी करत होती आणि गांडूळ काही एकही वर येत नव्हतं. थोरलीचा खांदा ठणकायला लागला. ती क्षणभर थांबली.

थांबली म्हणून तिला ऐकू आलं. धाकटी लांब घासत होती. दोन लांब, एक आखूड, मध्ये श्वासापुरती जागा. ही चाल थोरली ओळखत होती. ही सासूची चाल. खांदा दुखायला लागल्यापासून आपण आखूड आखूड घासतोय, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं. धाकटीने मात्र बादली धरून धरून ती चाल जशीच्या तशी कानात ठेवली होती.

थोरलीने पट्टी उचलली आणि त्याच चालीत घासायला लागली. दोन लांब, एक आखूड. आणि मग सगळं मैदान घुमलं. बाकावर बसवाल्याचे दात वाजले, निदान तो तसं सांगतो. दोन्हीकडची थरथर मैदानाच्या मध्यावर भेटली, आणि तिथल्या वर्तुळात गवत हलायला लागलं. एक आलं, दहा आली, मग मोजायची सोय राहिली नाही. शेवयांसारखी एकमेकांत गुंतून गांडुळं वर येत होती.

थोरली बादली घेऊन पावलं न वाजवता तिकडे गेली आणि गुडघ्यांवर बसून वेचायला लागली. तिकडून धाकटीही पट्टी टाकून आली; इतकी वर आली होती की सगळी परत जायला वेळ लागणार होता. आता दोघी त्या वर्तुळात, समोरासमोर, मान खाली घालून. बोलायचं नाही. थोरलीने डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. धाकटी तळवा गवतावर फिरवत होती, अंधारात काडेपेटी शोधावी तसा. तिच्या हाताला एक मुळी लागली. तिने ती हलकेच चिमटीत धरली, थांबली, सैल पडण्याची वाट बघितली आणि बादलीत टाकली. तिच्या बोटांसमोर एक चांगलं करंगळीएवढं जाड गांडूळ लोळत होतं. तिचा हात त्याच्या शेजारून गेला.

"अगं, ते समोर!" थोरली अबोला विसरून म्हणाली.

"कुठे?"

"बोटापुढे! बोटापुढेच!"

धाकटीचा हात भलतीकडेच गेला. थोरलीने आपलं वेचणं थांबवलं.

"तुला दिसत नाही?"

"दिसतं की," धाकटी घाईघाईने म्हणाली. "तुम्ही दिसता, गोलपोस्ट दिसतो, हे बाकावरचं ध्यान दिसतं. बारीक तेवढं दिसत नाही."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"आणि चष्मा?"

"डॉक्टर म्हणाले, चष्म्याने भागायचं नाही. आहे तेवढं राहील म्हणाले. गेलंय ते यायचं नाही."

थोरलीने बाकाकडे बघितलं. बसवाला आभाळाकडे बघत होता. त्याला सगळं ठाऊक होतं, हे त्या बघण्यावरून कुणालाही कळलं असतं.

"मला नाही सांगितलंस?" थोरलीचा आवाज चढला. "त्याला सांगितलंस आणि मला नाही?"

धाकटीने हातातली माती पुसली.

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, आता तू बस, खूप केलंस. खुर्ची टाकली असतीत दारात. तुमच्या मनात वाईट नसतं हो, मला माहीत आहे. पण आई बसल्या त्या बसल्याच. मला तसं बसायचं नव्हतं. म्हटलं, पट्टी मिळाली तर घासायला डोळे कुठे लागतात?"

थोरलीला ती खुर्ची दिसली. बादलीत डोकावणारी म्हातारी दिसली, आणि मग न डोकावणारी. दाराशी भरून ठेवलेली आपली बॅगही दिसली. आपण सासूला जे म्हणालो, तेच शब्द फोनवर मुलगी आपल्याला म्हणाली, तेवढ्याच प्रेमाने. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती तशीच गवतावर बसून रडायला लागली. धाकटीही रडायला लागली. गांडुळं दोघींच्या मधून निवांत फिरत होती.

जरा वेळाने थोरलीने नाक पुसलं. तिच्या डोक्यात काहीतरी फिरायला लागलं होतं.

"म्हणजे त्या दिवशी बादली भरली, ती..."

"तुम्ही वेचलीत म्हणून."

"एक काडी नव्हती, ती..."

"तुम्ही वेचलीत म्हणून."

"आणि दुकानात मिरवलीस ती तू!"

"आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं कौतुक करत होतं, जाऊबाई," धाकटी ओल्या डोळ्यांनी हसत म्हणाली. "म्हटलं, घ्यावं जरा करून."

थोरलीला आधी राग आला, मग हसू आलं, आणि हसू एकदा आलं ते थांबेना. हसता हसता खांद्यात कळ आली, तरी ती हसतच राहिली. बाकावरून बसवाल्याने विचारलं, "काय झालं? मी येऊ का?" आणि दोघी एका सुरात ओरडल्या, "हलू नका!"

मग थोरली उठली. आपल्या खुंट्यापर्यंत जाऊन तिने सासूची पट्टी आणली आणि धाकटीच्या हातात दिली.

"ती भंगारातली फेकून दे. ही घे. बाक आलाय तिथे अंगठे ठेव."

धाकटीने अंगठा फिरवून तो बाक शोधला. काहीतरी बोलणार होती, पण थोरलीने बोलू दिलं नाही.

"जा लवकर, परत चालली सगळी."

धाकटीने खुंट्याजवळ बसून घुमवायला सुरुवात केली. दोन लांब, एक आखूड. थोरली वेचत राहिली. बादली निम्मी भरत आली तेव्हा तिला मैदानाच्या कडेला टाचांचा आवाज ऐकू आला. मुलगी होती. घराला कुलूप, दाराशी बॅग, हे बघून ती नेमकी इकडेच आली होती.

"आई! अगं, मी केव्हाची..."

"थांब!" तिघंही ओरडली. बसवाला सगळ्यांत मोठ्याने.

मुलगी एक पाय पुढे टाकलेल्या अवस्थेत जागच्या जागी थिजली. ती याच घरातली पोर, तिला नियम माहीत होता. तिने हळूच बूट काढले आणि अनवाणी उभी राहिली. तळपायांना थरथर लागली तशी तिच्या चेहऱ्यावर लहानपणचं काहीतरी येऊन गेलं.

"आई," ती तिथूनच दबक्या आवाजात म्हणाली, "परतीची गाडी आहे गं आपली."

थोरलीच्या चिमटीत तेव्हा एक भलं मोठं गांडूळ होतं. अर्धं वर, अर्धं बिळात. तिने ते हलकं धरलं होतं आणि नेहमीसारखी वाट बघत होती. ते सैल पडत नव्हतं. खालून जमिनीला धरून बसलेल्या त्या एवढ्याशा जिवाचा जोर तिला बोटांत जाणवत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने चिमूट उघडली. गांडूळ सरकन आत गेलं.

"मी नाही येत गं," ती म्हणाली.

 घुमवण्याचा आवाज क्षणभर थांबला.

"सोडलंत ना ते?" धाकटीने खुंट्याजवळून ओरडून विचारलं. "मला दिसत नसलं म्हणून काय झालं, आवाजावरून कळतं मला!"

"एकच सोडलंय! तू घास!"

पट्टी पुन्हा खुंट्यावर चढली. थोरलीने मुलीला हाताने बोलावलं आणि शेजारची ओली जागा थोपटली.

"हळू पाय टाकत ये, आणि बस इथे," ती म्हणाली. "निम्मी बादली अजून रिकामी आहे."